आक्कांचा दोडका

लेकीला सांगितलं नाही, भावाला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं तोंड मला बघावं लागत नाही.

सांगलीत माझं लहानसं घर आहे. बायको गेल्यावर अंगण तसंच पडलं होतं. साताऱ्याला दिलेली लेक फोनवर म्हणाली, मे महिन्यात मुलांना घेऊन येते. वाटलं, लॉन करावं — मुलं खेळतील, चार दिवस जास्त राहतील. हसू येतं ना? रिकाम्या घरात माणूस असलेच बेत करतो.

होळीच्या आधी बी पेरलं. शेजारच्या मालनआक्का भिंतीवरून बघत होत्या. "गवात उपटून गवातच पेरताय व्हय, दादा? म्हस कवा आणताय?" फार दिवसांनी मी मोठ्यानं हसलो.

गवताआधी तण आलं. घोळ, तांदुळजा — नुसता बुजबुजाट. बियाणं देणाऱ्यानं बजावलं होतं, कोवळ्या गवतात औषध मारू नका, हातानंच उपटा. आक्का म्हणाल्या, "घोळ तेवढी इकडं टाका, भाजी करते." थोडं उपटलं. कंबर धरली. मे जवळ येत होता. मग तणनाशक आणलं आणि दुपारी, वारं सुटलेलं असताना, पंप पाठीवर घेतला.

वारं कुठं चाललंय, हे मला कळत नव्हतं? कळत होतं. आमचा मूळ गाव द्राक्षाचा. शेजारच्या उसात हे औषध मारलं की बागेची पानं आवळतात. त्यावरून आमच्या भावकीत बोलणं बंद झालेली घरं आहेत.

भिंतीपलीकडं आक्कांचा दोडका होता. बी त्यांच्या माहेरचं, फलटणकडचं. दर साली एक दोडका वेलावरच वाळू द्यायच्या आणि त्यातलं बी पुढच्या साली लावायच्या. आई गेली, माहेरचं घर विकलं — हे बी तेवढं चालू होतं.

काही दिवसांनी त्या एक पान घेऊन भिंतीशी आल्या. "दादा, तुमी बागंतली माणसं. बघा की, काय झालंय ह्याला?"

पान हातात घेतलं आणि ओळखलं. आवळलेलं, कडा आत वळलेल्या. आणि मी म्हणालो — "व्हायरस आहे, आक्का."

एवढ्यावर थांबलो असतो तर? नाही थांबलो. "उपटून जाळून टाका," हेही मीच सांगितलं. वेल उभा राहिला असता तर कुणीतरी जाणत्या माणसानं बघून खरं सांगितलं असतं, म्हणून. आणि मला ठाऊक होतं — हलका फवारा लागलेला वेल पुष्कळदा सावरतो, नवा फुटवा काढतो. मी बागेत पाहिलंय. तो वेल वाचला असता. औषधानं नव्हे, माझ्या शब्दानं गेला.

संध्याकाळी त्यांनी तो जाळला. धूर माझ्याच अंगणात आला. "औंदा घरात बी ठिवलं न्हाई वो, सगळं लावलं हुतं," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "माझ्याच हाताला यश न्हाई म्हणायचं." मी पाइप धरून लॉनला पाणी घालत राहिलो.

लॉन जागोजागी करपलं. लेक आली, दोन रात्री राहून गेली. ऊन एवढं होतं, मुलांनी अंगणात पाय ठेवला नाही.

पावसाळ्यात पुन्हा पेरलं. आता छान हिरवं आहे. आक्कांनी मात्र भिंतीलगत परत काही लावलं नाही, फरशी घातली. भिंतीशी आता फारसं बोलणं होत नाही. कधीमधी डबा तेवढा देतात. "बाजारचा दोडका हाय, दादा. चव न्हाई त्याला."

चांगला झालाय, म्हणतो मी. आणि डबा घासून भिंतीवर ठेवतो.