युटाला पाठवता येत नाही

डोरीन गारबारिनोच्या हाताखालून वाइनची एकही पेटी परवान्याशिवाय बाहेर पडली नव्हती, आणि याचा तिला थोडा गर्वच होता. कॅलिफोर्नियातल्या प्लिमथच्या टेकड्यांवरच्या त्या छोट्या वाइनरीत ती तरुणपणी द्राक्षं तोडायला म्हणून आली, ती तिथेच राहिली. आता साठी कधीच उलटून गेली होती. वेबसाइटवर आलेली मागणी ज्या राज्यात जायची, तिथला परवाना चालू आहे ना, कर भरलाय ना, माणशी वर्षाला किती बाटल्या चालतात, हे बघणं तिचं काम. प्रत्येक राज्याची तऱ्हा निराळी. एकाला दरमहा हिशेब हवा, दुसऱ्याला प्रत्येक लेबलाची आधी नोंद हवी. आणि दारात सही करायला सज्ञान माणूस नसेल, तर पेटी आल्या पावली परत.

वाइनरीचा मालक वेस वयाने तिच्याहून पुष्कळ लहान. तो चिडवायचा, "डोरीन, स्वर्गाच्या दारात गेलात तरी तुम्ही आधी तिथल्या राखणदार सेंट पीटरकडेच परवाना मागाल."

"मागेन की. त्यालाही दरवर्षी नवा करून घ्यावा लागत असेल."

युटाची गोष्ट मात्र सोपी होती. तिथे थेट घरी वाइन पाठवायला परवानाच मिळत नाही. कुणी तिथला पत्ता टाकला की वेबसाइट माफी मागून मोकळी व्हायची.

त्या वसंतात एकाच माणसाने तीनतीनदा प्रयत्न केलेला तिला दिसला. तिने नाव वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला. ग्रेशन इरिबार्ने. टुविला, युटा.

ग्रेशन युरोपातून नेवाडात आलेल्या बास्क मेंढपाळांच्या घरातला. ऐन पंचविशीत तो या वाइनरीत कामाला होता. डोंगरउतारावर बार्बेरा द्राक्षाची कलमं बांधायची होती, तेव्हा तो चाकू चालवायचा आणि डोरीन मागून पट्टी गुंडाळायची. अख्खा वसंत दोघं त्या ओळींमधून वाकून हिंडली. बोलणं सगळं कलमांचंच, पण संध्याकाळी घरी जाताना दोघांचीही पावलं जड व्हायची. मग त्याला युटात लष्करी कोठाराची पक्की नोकरी लागली. निघताना त्याने ट्रकच्या खिडकीतून विचारलं, "येतेस का?" डोरीन हसली. घरी वडील अंथरुणाला खिळलेले होते, आणि तो गंमत करतोय असंच तिला वाटलं. ट्रक वळणाआड गेला. पुढे त्याने तिकडेच लग्न केलं. तिच्याही आयुष्यात एकदोघे आले आणि गेले.

अशा नाकारलेल्या मागणीला फोन करायची पद्धत नव्हती. तिने केला.

"वाइनरीतून बोलतेय. तुमची मागणी..."

"त्या यंत्राला किती वेळा सांगू, पत्ता बरोबर आहे म्हणून!"

"पत्ता बरोबर आहे. राज्य चुकलंय."

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. "डोरीन?"

"हो."

"अजून तिथेच?"

"अजून इथेच."

"मग अडतंय कुठे? वर मध असं लिही आणि दे पाठवून."

"मध लिहून पाठवलं तर आमचा परवाना जाईल, ग्रेशन. एका राज्यात गेला की बाकीची राज्यंही डोळे वटारतात."

"तू काही बदलली नाहीस."

"आणि तू? तेव्हाही फाटक सोडून कुंपणावरूनच यायचास."

तो हसला, मग खोकला. बायको जाऊन दोन हिवाळे झाले होते. ती चर्चला मानणारी, दारूला न शिवणारी. "इतकी वर्षं घरात थेंब आणला नाही," तो म्हणाला. "तिने कधी मना केलं नाही ना, म्हणून आणवला नाही. आता वाटतं, त्या उतारावरची एकदा चाखावी."

डोरीनने सरळ मार्ग सांगितला. राज्याच्या दारू-खात्याकडे खास मागणी नोंदवायची, पेटी सरकारी दुकानात येते, तिथून उचलायची. काही महिने लागतात.

"महिने! या वयात मी हिरवी केळीसुद्धा विकत घेत नाही, पिकेपर्यंत असेन की नाही."

"मग वेंडोव्हरला ये." बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. "युटाच्या सीमेच्या अलीकडे, नेवाडात. तिथे प्यायला कुणाच्या बापाची मनाई नाही."

बार्बेराच्या सहा बाटल्या मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून ती डोंगर उतरली आणि अख्खं नेवाडा ओलांडून गेली. रस्ताभर आरशात स्वतःचा चेहरा बघत होती, आणि स्वतःवरच चिडत होती.

ग्रेशनला त्याची मुलगी जॅनील घेऊन आली होती, कारण आता त्याला गाडी चालवण्याइतकं दिसत नव्हतं. तो काठी टेकत आला आणि डोरीनच्या अंगावरून नजर फिरवत राहिला, धुक्यातलं झाड ओळखावं तशी. मोटेलच्या खोलीबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर तिघं बसली. समोर मिठाचं पांढरं मैदान, दूर डोंगरांपर्यंत. जॅनीलने लिंबूसरबत संपवलं आणि "मी जरा चक्कर मारून येते," म्हणून समजूतदारपणे उठून गेली.

ग्रेशनने ग्लास नाकाशी धरला, बराच वेळ धरला, मग घोट घेतला.

"उतारावरचीच ना?"

"तीच. तुझी कलमं अजून जीव धरून आहेत. खालच्या ओळीतली थोडी गेली."

"मी तुला विचारलं होतं, डोरीन."

"विचारलं होतंस! ट्रकचं इंजिन चालू ठेवून 'येतेस का' म्हणालास. तसं तर तू कुत्र्यालाही म्हणायचास."

तो खळखळून हसला. मग हसू ओसरलं. "बंद केलं असतं तर पुन्हा सुरू झालं नसतं. बॅटरी मेली होती."

"आणि हे आज सांगतोयस?"

त्याने रिकामा ग्लास पुढे केला. तिने त्याचा ग्लास भरला. ऊन खाली आलं तशी मिठाच्या मैदानावर गुलाबी झाक आली; त्याला ती दिसत होती की नाही, हे तिने विचारलं नाही.

निघताना जॅनील उरलेल्या बाटल्या उचलू लागली. "डिकीत ठेवते हं, डॅड."

"नको," डोरीन म्हणाली. "परवान्याशिवाय सीमेपलीकडे नाही."

"अगं, अर्धं टुविला इथून डिकी भरभरून नेतं," ग्रेशन म्हणाला.

"नेऊ दे. माझ्या हातून नाही."

त्याचा चेहरा उतरला. डोरीनला बोललेले शब्द परत गिळावेसे वाटले, पण तिचा हात खोक्यावरून हलला नाही. एक चूक केली की पुढच्या दहा सोप्या होतात, हे ती जन्मभर दुसऱ्यांना सांगत आली होती. ती पाच बाटल्या घेऊन परतली. वाटेत एल्को गावाजवळ तिने गाडी कडेला घेतली, आणि डोळे पुसून होईपर्यंत तिथेच थांबली.

परतल्यावर तिने दारू-खात्याची ती खास मागणी त्याच्या नावाने मार्गी लावली. पत्रं गेली, आली, पुन्हा गेली. "एका पेटीपायी एवढा खटाटोप?" वेसने विचारलं. "गिऱ्हाईक जुनं आहे," ती म्हणाली. वेलींना घोस लागले, घोस काळे झाले, तोडणी उरकली, तेव्हा कुठे एका रविवारी फोन वाजला.

"आली," ग्रेशन म्हणाला.

"कशी आहे?"

"चांगली आहे. तिथे लागली तशी नाही लागत."

"वाइन तीच आहे, ग्रेशन."

"हो. वाइन तीच आहे."

तेव्हापासून तो दर रविवारी फोन करतो. मुद्द्याचं कधी काही निघत नाही. पाऊस किती झाला, छाटणी कुठवर आली, एवढंच. फोन ठेवल्यावर डोरीन थोडा वेळ स्वयंपाकघरात उभीच राहते.

गेल्या महिन्यात आडवारी जॅनीलचा फोन आला. "एक विचारू? डॅड तो ग्लास हातात घेऊन तासभर नुसते बसतात, मग पितात. त्या वाइनला वास कसला येतो? मी कधी चाखली नाही."

डोरीनने सांगायचा प्रयत्न केला. पिकल्या चेरीचा, म्हणाली. उन्हात तापलेल्या मातीचा. मग थांबली.

"मला नाही सांगता येणार, पोरी," ती म्हणाली. "त्यांनाच विचार."