पेटलेलं निरांजन

मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला. पण सगळं गाव उठून गेल्यावर, रिकाम्या मांडवात एकटीनं पुढाऱ्याला ओवाळलं, त्याची सर दुसऱ्या कशाला नाही.

निलंग्याकडचं आमचं गाव तेव्हा नुकतंच नव्या लातूर जिल्ह्यात आलं होतं. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. पाणी टँकरचं. घागरींची रांग लावायचे बौद्धवाड्यातले फौजी काका, पलटणीतून रिटायर होऊन आलेले. परगावच्या टोळक्यानं एकदा टँकर पळवायचा घाट घातला. काका आडवे गेले, डोक्यात पहार बसली, जागीच संपले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी पुढारी आला, नव्या जिल्ह्याचा सत्कार घ्यायला. मी नांदेडची, शिकलेली, म्हणून ओवाळायला मला उभी केली. नाकात नथ, हातात ताट. बाई, काय तो तोरा! गाडीचा धुरळा दिसताच निरांजन पेटवून बसले. पुढाऱ्यानं आल्या आल्या माईकच धरला. गर्दीतून कुणी काकांचा विषय काढला, तर हसून म्हणतो, "फौजीला मरायचाच तर पगार असतो. त्याचं काय एवढं?"

मग एक म्हातारी उठली. "मुडद्या, टँकर तुझ्या बापानं राखला व्हय रं?" तिच्यामागं सगळेच उठले. घोषणा नाही, दगड नाही. सतरंज्या तेवढ्या उरल्या.

आणि मी. सासूची शिकवण होती, पेटलेलं निरांजन ओवाळल्याबिगर विझवू नये. मी ओवाळलं. वर कुंकूही लावलं!

दुसऱ्या दिवसापासून टँकरवर माझ्याशी कुणी बोलेना. "या, पुढारीनबाई," एवढंच. माझ्या घागरीच्या मागची-पुढची घागर हातभर सरकलेली. ती शिकवण जिची, ती सासूसुद्धा तोंड फिरवून. मालक नांदेडला कामाला. घरात बोलायला रांजण तेवढा, तोही रिकामा.

पारावर, चावडीवर मात्र काकांचाच विषय आणि पुढाऱ्याला शिव्या. ऐकून ऐकून मला राहवेना. एका दुपारी तेच ताट घासलं, नवी वात घातली आणि काकूंकडं गेले. काकांच्या फोटोला ओवाळलं की पाप फिटेल, हे माझं शहाणपण! बौद्धवाड्यात त्याआधी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

काकू एकटीच बसलेली. बुद्धाच्या तसबिरीशेजारी काकांचा टोपीतला फोटो, पुढं विझलेली मेणबत्ती. मी उंबऱ्यातच निरांजन पेटवलं. तिनं ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं. हसली की रडली, अजून सांगता येत नाही. म्हणाली,

"आमच्यात ओवाळत न्हाईत, येडे. इझव ते अन् बस. माझ्या माणसापायी सगळं गाव उठून गेलं म्हणतेत. पर इथं बसाया कुणी आलं न्हाई."