वॉचडॉगची भाकरी

चहा घ्या, आणि मधे हसू नका. हसायचं ते शेवटी, तेव्हाही जमलं तर बघा. घोळ मी आयुष्यात पुष्कळ घातले, पण एका नसलेल्या कुत्र्यापायी सख्ख्या बापासमोर माझी जी शोभा झाली, तिला तोड नाही!

मी चिकलठाण्याला एका छोट्या कंपनीत आहे. पाण्याच्या पंपांवर बसवायचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड आम्ही करतो. त्या बोर्डाला एक चिमुकली ऑपरेटिंग सिस्टीम लागते. रिअल-टाइम, म्हणजे ठरलेलं काम ठरलेल्या क्षणी झालंच पाहिजे. ती तयार करायची तर आधी भल्या मोठ्या यादीतून हे हवं, ते नको असं निवडायचं, मग ते यंत्राला कळेल असं कंपाइल करायचं, मग चुका बघून कपाळाला हात लावायचा.

त्या यादीत एक असतो वॉचडॉग. बोर्डाने त्याला थोड्या थोड्या वेळाने 'मी जागा आहे' असं कळवत राहायचं. नाही कळवलं, तर बोर्ड अडकला असं समजून तो सगळं बंद करून पुन्हा चालू करतो. या कळवण्याला आमच्यात म्हणतात, कुत्र्याला खायला घालणं. आता तुम्हीच सांगा, दुसरं काही नाव सुचलं नसतं का?

मागच्या दुष्काळात आबा, म्हणजे माझे वडील, बिडकीनकडून आमच्याकडे राहायला आले. सगळं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. चरायच्या रानात प्लॉट पडले, रुंद रस्ते झाले, आणि उरलेल्या रानात गवताची काडी नाही. शेवटी पाचोडच्या बाजारात मेंढरं विकली. त्यांचं कुत्रं, वाघ्या, मेंढरांबरोबरच घेणाऱ्याकडे गेलं. आमच्या फ्लॅटमध्ये त्याला ठेवणार कुठं? तेव्हापासून आबांनी बोलणंच टाकलं. गॅलरीत बसून खाली टँकरभोवतीची गर्दी बघायचे. मला फार वाईट वाटायचं, पण काय करावं ते सुचत नव्हतं.

एका रविवारी मी घरूनच काम करत होतो. बोर्ड सारखा बंद पडून चालू होत होता. स्पीकरवर आमच्या कंपनीतला शेख.

"शेख, कुत्र्याला वेळेवर खायला मिळत नाहीये, म्हणून ते बोर्डाला मारतंय!"

"तो निकाल डाल ना मियाँ कुत्ते को!"

गॅलरीतून आबा उठून आत आले. "कुत्रं कशापाई काढायलास?"

मी स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणालो, "लई तरास देतंय, आबा."

"कंपनीत हाय? राखणीचं?"

"व्हय, राखणीचंच."

"खायाला कोण घालतं?"

"मीच. पण कुठंतरी चुकतंय माझं."

बघा हं, एक शब्द खोटा नव्हता!

दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर फडक्यात बांधलेली बाजरीची जाडजूड भाकरी. म्हटलं, बायकोला अचानक एवढं प्रेम कुठून आलं? हाणली की मी!

संध्याकाळी आबा दारातच उभे. "खाल्ली का?"

"खाल्ली की!"

"समदी?"

"तुकडा ठेवला नाय."

"गुरगुरलं तर नाय ना?"

मी पोटावरून हात फिरवला. "अजिबात नाय."

"मंग मानवली," आबा म्हणाले, आणि कित्येक महिन्यांनी हसले.

मग रोज भाकरी, रोज चौकशी. आबा खाली उतरून टँकरवाल्याशी गप्पा मारायला लागले, जेवणही सुधारलं. मी खुशीत बायकोला म्हणालो, "तुझ्या भाकरीनं माझं वजन वाढलं बघ."

"माझ्या?" ती म्हणाली. "अहो, आबा स्वतः थापतात त्या. तुमच्या कंपनीतल्या कुत्र्यासाठी!"

काय अवस्था झाली असेल माझी? खरं सांगून टाकायला हवं होतं. पण आबा बोलत होते हो! पुन्हा गप्प झाले तर? म्हणून मी तोंड मिटून कुत्र्याची भाकरी इमानदारीने खात राहिलो.

आणि एक दिवस गेटवरून वॉचमनचा फोन. "साहेब, तुमचे वडील आलेत. कुत्रं दाखवा म्हणत्यात. आपल्याकडं कुठंय कुत्रं?"

धावत खाली गेलो. धुतलेलं धोतर, नीट बांधलेला पटका, आणि हातात वाघ्याची साखळी.

"तुज्या साहेबाला भेटव," आबा म्हणाले. "वाघ्याला बी ठिवा म्हणावं, जोडीला. पाचोडच्या मानसाला इचारलंय मी, तो माघारी द्यायला तयार हाय. निस्ती जागा द्या म्हणावं. भाकर माझी."

म्हणजे इतके दिवस ते वाघ्यासाठी जागा बघत होते! मला तिथंच रडू आलं. तरी साहेबांना विचारलं. एवढ्याशा जागेत कुत्रं कशाला, म्हणाले. मग आबांना माझ्या टेबलाशी नेलं आणि स्क्रीनवरच्या यादीतली ती ओळ दाखवली.

"हेच ते कुत्रं, आबा. नुसतं नाव आहे."

आबांनी वाकून त्या ओळीवर बोट ठेवलं. वाचता येत नाही त्यांना. मग म्हणाले, "आन् भाकर?"

"मी खाल्ली."

"रोज?"

"रोज."

आबांनी साखळी गुंडाळून खिशात घातली. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला निघालो. गेटवर वॉचमन भेटला.

"काय बाबा, सापडलं का कुत्रं?"

आबांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्येच की. भाकर समदी खातंय. राखण तेवढी हुईना त्याच्याच्यानं."