आक्काच्या बोटातली अंगठी

फोन राजूचा होता, आक्काच्या मुलाचा. "मावशी, आई गेली," एवढं सांगून तो खालच्या आवाजात म्हणाला, "अंगठी निघंना गं बोटातनं. साबण लावून पाह्यला. सोनाराला बोलवू का?" बोलाव, म्हणाले. दुसरं काय म्हणणार? दौंडहून एसटीनं मी शिरूरला पोचेपर्यंत सोनार येऊन गेलाही होता. माझ्या थोरल्या बहिणीच्या सुजलेल्या बोटावर कापलेल्या अंगठीचा खोल वळ तेवढा राहिला होता, आणि भोवती बसलेल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, "सासूची सेवा करावी ती हिनंच." काही आठवडे उलटले, तरी ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

अंगठी मुळात तिच्या सासूबाईंची. शिरूरच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि सासऱ्यांनी भरभराटीच्या दिवसांत पुण्याहून ती हिऱ्याची अंगठी घडवून आणली होती. आक्का त्या घरात गेली आणि अंगठी जपण्याचं काम तिच्याकडे आलं. रोज संध्याकाळी रिठ्याच्या कोमट पाण्यात ती भिजवायची, जुन्या मऊ ब्रशनं हिऱ्याच्या खालची घाण काढायची, मलमलीनं पुसायची. हिरा धरून ठेवणारं सोन्याचं एखादं टोक उचललंय का, ते दोरा फिरवून बघायची. दोरा अडकला तर सोनाराकडे धाडायची. एवढं झालं की सासूबाई अंगठी हातात घेऊन हिऱ्यावर तोंडाची वाफ सोडत. खऱ्या हिऱ्यावर वाफ टिकत नाही म्हणतात. सुनेनं खडा बदलला नाही ना, याची ती रोजची तपासणी. समोर कोणीही असो.

एकदा समोर आमचे आप्पा होते. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे रुळांवरचं अंगमेहनतीचं काम करणारे. लेकीला भेटायला म्हणून शिरूरला गेले होते. त्यांच्या देखत सासूबाईंनी वाफ सोडली आणि हसून म्हणाल्या, "राग मानू नका पाव्हणं. खलाश्याची पोर हाय, हात साफ हायेत का न्हाई ते बघावं लागतं." आप्पांनी चहा तसाच खाली ठेवला आणि उठले. पुन्हा त्या घराची पायरी ते चढले नाहीत. पुढं बापलेकीची भेट व्हायची ती शिरूरच्या स्टँडवर, बाकड्यावर बसून. आप्पा वारले तेव्हासुद्धा सासूबाईंनी आक्काला दिवस मावळायच्या आत माघारी बोलावलं. अंगठी धुवायची होती. आक्का गेलीसुद्धा. मला वाटलं, ही मुळातच सोशिक आहे… माझी समजूत किती चुकीची होती!

नव्वदच्या दशकात, राजू कॉलेजात असताना, सासूबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उजवा हात सुजायला लागला म्हणून डॉक्टरांनी अंगठी काढायला सांगितली. आक्कानं ती काढली आणि खाटेसमोरच्या फळीवर डबीत ठेवली. मी भेटायला गेले तेव्हा संध्याकाळ होत होती. आक्का खाटेशेजारी बसून अंगठी धूत होती. पुसून झाल्यावर तिनं ती सासूबाईंच्या डोळ्यांसमोर धरली, तिच्यावर वाफ सोडली आणि गोड आवाजात म्हणाली, "बघा आत्याबाई, वाफ न्हाई धरली. खरा हाय." सासूबाईंनी डावा हात उचलला. एक बोट पुढं करून त्या तिच्याकडे बघत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आक्कानं पदरानं ते पुसलं आणि डबीचं झाकण लावलं.

"आक्का, डाव्या हातात घाल की त्यांच्या," मी बाहेर येऊन म्हणाले.

"सैल बसती त्या हाताला. पडंल, हारवंल. जोखमीची वस्तू हाय, जपाया नको?"

हे दोन वर्षांहून अधिक चाललं. बाकी सेवेत तिनं कसूर केली नाही, हेही खरंच. अंगाला एक जखम होऊ दिली नाही, दोन्ही वेळा हातानं भरवलं. फक्त रोज संध्याकाळी ती डबी उघडायची आणि बंद करायची. सासूबाई गेल्या त्या रिकाम्या बोटानं. त्यांच्या तेराव्याला मेहुण्यांनी अंगठी आक्काच्या पुढ्यात ठेवली. तिनं ती बोटात सरकवली आणि पुढं कधी काढली नाही. मूत्रपिंडाच्या आजारानं हात सुजले, सोनं मांसात रुतलं, तरीही नाही.

आमची शेवटची भेट झाली ती आक्का जाण्याच्या आधीच्या आठवड्यात. मी तिच्या पायांना कोमट तेल चोळत होते. बोट काळंनिळं दिसत होतं. काढून टाक म्हणाले, तर तिनं मान हलवली. मग न राहवून मी विचारलं, "आक्का, मरताना तरी म्हातारीच्या बोटात घालायची होतीस. काय गेलं असतं तुझं?"

"घातली आसती तर ती सुखानं गेली आसती," ती म्हणाली.

माझे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत पश्चात्ताप नव्हता, फक्त थकवा होता. "चोळ की," ती म्हणाली, "पाय लई दुखत्यात गं." तेल हातावरच निवत होतं. मी पुन्हा चोळायला लागले.