हेमाली वहिनीचा लिनक्स

"अपात्र?" हेमाली वहिनी स्क्रीनला म्हणाली. "अपात्र कोणाला बोलतोस रं?"

स्क्रीनवर मोठ्या नम्रपणे लिहून आलं होतं, की हा कंप्युटर नव्या विंडोजसाठी पात्र नाही आणि जुन्या विंडोजची देखभाल ऑक्टोबरात बंद होणार. वहिनी कोलंबी सोलत होती. हात ओले, म्हणून तिने माउस कोपराने सरकवला आणि ती सूचना घालवून दिली. दुसऱ्या दिवशी सूचना परत आली. आगंतुक पाहुण्यासारखी.

थळजवळच्या त्या घरात कंप्युटर आला तो वहिनीच्या नवऱ्याच्या, धनेशदादाच्या ट्रेलरच्या कामासाठी. दादाने त्याच्यावर पत्ते खेळण्यापलीकडे काही केलं नाही. बसली ती वहिनी. बारावीनंतर तिने एमएस-सीआयटी केलं होतं, ते प्रमाणपत्र माहेरून येताना भांड्यांच्या आधी पेटीत ठेवलं होतं. आणि या घरात तिला टाइप करण्यासारखं एक काम सापडलं, जे जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. सासूचे धवले.

आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजींच्या आधी धवलारीण लागते. उंबराची फांदी आणण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडी असतं. ते गाणं म्हणजे धवला. वहिनीची सासू, आमची ठमीकाकू, ही पंचक्रोशीची धवलारीण. तिचे नियम कडक. मांडव नसेल तर तोंडातून ओळ काढायची नाही. मांडवात कुणी मोबाईल उगारला, तर गाणं तिथेच थांबायचं.

"न बोलावता ऐकतो तो पाव्हना न्हाय, चोर," काकू म्हणायची.

वहिनी चोर नव्हती. ती काकूची हळदीची पिशवी धरून मागे बसायची. लग्नाहून घरी आलं, की जेवढं डोक्यात उरलं असेल तेवढं टाइप करायची. पुढच्या लग्नात उरलेलं. अशा कित्येक लग्नसराया गेल्या आणि कंप्युटरात 'सासूबाई' नावाचं फोल्डर भरत गेलं.

आता ते फोल्डर नुसतं हौसेचं राहिलं नव्हतं. मे महिन्यात किहीमच्या एका लग्नात काकू हळदीच्या धवल्यात मध्येच थांबली होती. पुढची ओळ आठवेना. बायकांना वाटलं दम लागला. वहिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्या आडोशाने काकूचा हात दाबला. त्यावर दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

अलिबागला दुरुस्तीचं दुकान असलेला विनेश म्हणाला, "वहिनी, ही मशीन भंगारात टाका."

"चालतेय ना?"

"चालतेय हो, पण नवं विंडोज नाही घेणार."

"मग जुनी मशीन घेईल असं काहीतरी दे."

विनेश हसला. "लिनक्स आहे. फुकट आहे. पण घरी कुणी टाकत नाही. अडलं तर विचारणार कुणाला?"

"तुना," वहिनी म्हणाली आणि रिकामा पेनड्राइव्ह त्याच्या पुढ्यात ठेवला.

घरी दादाने कपाळावर हात मारला. "अगो, चालत्या गाडीचं इंजिन काढतंस तू!"

"चालत्या न्हाय. उभ्या केलेल्या."

"आन परत बसला न्हाय तर?"

"तर तुम्ही पत्ते खरे आणा, कागदाचे."

पण वहिनी उतावळी नव्हती. आमच्याकडे पेरणीचं भात गवताच्या मुड्यात गच्च बांधून ठेवतात. घरात खायला नसलं तरी मुडा सोडत नाहीत आणि मुडा बांधल्याशिवाय नांगराला हात लावत नाहीत. वहिनीने सगळं फोल्डर दोन पेनड्राइव्हवर उतरवलं. एक माझ्याकडे, तिच्या चुलत नणंदेकडे, दिला. दुसरा तांदळाच्या डब्यात खुपसला, कारण खारी हवा लोखंडाला सोडत नाही तर पेनड्राइव्हला काय सोडणार!

दसऱ्याला कोयता, विळी, ट्रेलरची चावी यांच्यासोबत कंप्युटरलाही झेंडू वाहिला आणि दुपारी ती बसली. आधी विनेशने भरून दिलेल्या पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघितलं. आवाज येतो, वायफाय लागतं. मग बटण आलं. डिस्क पुसून टाकू का?

"मी बाहेर जातू," दादा म्हणाला आणि खरंच गेला.

वहिनीने बटण दाबलं. रेघ हळूहळू पुढे सरकत गेली. ती रेघेकडे अशी बघत होती जशी उतू जाणाऱ्या दुधाकडे बघतात. मशीन बंद होऊन पुन्हा उठली, ती पडद्यावर लिनक्सचं हिरवं पान घेऊन. पूर्वी चालू करून आंघोळ उरकायची सवय होती; आता ती टॉवेल शोधते तोवर हजर! जुना प्रिंटर तर न सांगता ओळखला.

"अहो, या घरात! बघा कोण अपात्र!"

दादा आला. काकूही खुर्ची ओढून बसली. "माझा धवला दाखव," म्हणाली.

वहिनीने डब्यातला पेनड्राइव्ह पुसून लावला, फाईल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा, असा सगळा कचरा ओळींनी मांडलेला. दुसरी फाईल. तोच कचरा.

विनेश फोनवर म्हणाला, "जुन्या मराठी फॉन्टात टाइप केलं होतंत ना? तो फॉन्ट विंडोजमध्ये होता. तो कॉपी केलात?"

वहिनीने तो केला नव्हता.

"माझ्याकडे तो नाही आता. शोधतो, पण शब्द देत नाही हं."

मुडा बांधला होता. पण हे बी जुन्या मातीतच रुजणारं होतं, आणि ती माती तिनेच पुसली होती. दादाच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. तिचा चेहरा बघून त्याने गिळलं. काकू मात्र बोलली.

"बरा झाला. मांडवातला मांडवातच रव्हायला पायजे."

बोलली खरी, पण त्या दिवशी ती जेवली नाही.

दिवाळी गेली. वहिनी रोज थोडं लिनक्सवर मराठीचा नवा कीबोर्ड शिकत होती. ही अक्षरं कुठल्याही मशीनवर मराठीच दिसतात, एवढं तिने पक्कं करून घेतलं होतं. मग एके सकाळी तुळशीवृंदावन सारवताना ती सासूला म्हणाली, "आई, लग्नाशिवाय धवला न्हाय ना?"

"न्हाय."

"तुळशीचं लग्न हे लग्न हाय ना?"

काकूने पानाची चंची मिटली. "तुलशीला पाच ओली पुरतान."

"माझ्या तुळशीला न्हाय पुरणार. मी उंबर आणते, चार खांबांचा मांडव घालते, हळद लावते. पुरं लग्न. पुरा धवला."

"आन तुझा तो डबा ऐकत बसनार."

"त्याला रीतसर बोलावते."

आणि तिने बोलावलं! अंगणात टेबल मांडून कंप्युटर आणला, स्वयंपाकघरातून वायर ओढली, माइक लावला. पुढ्यात सुपारी आणि अक्षता ठेवल्या, पडद्याच्या कडेला हळदीकुंकवाचं बोट ओढलं. शेजारच्या बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. "गो हेमाली, तुझा पाव्हना जेवनार काय?" दादा नवरदेव उसाचा बाप झाला होता, फेटाबिटा बांधून. तो ओरडला, "मानपान कमी झाला तर वरात परत नेईन!"

काकू सगळ्यांकडे बघत राहिली. मग उंबराच्या फांदीला हात लावून तिने सूर धरला.

येस गो येस तू उंबराचे डाली,
तुझे सावलीला मांडव घाली...

हसणं थांबलं. आवाज जुना, चिरलेला, पण मांडव भरणारा. उंबराचा धवला झाला, देवांचा झाला, चौकाचा झाला. हळदीचा धवला लागला आणि त्याच जागी, किहीमला थांबली होती तिथेच, काकू थांबली.

या वेळी तांब्या कुणी पुढे केला नाही. वहिनी माइकपाशी उभी होती. तिची बोटं हवेत हलली, टाइप केल्यासारखी. आणि तिच्या तोंडून ओळ आली.

हलद वाटली मावशीचे हाती,
पिवली झाली दारची माती...

सूर थोडा खाली लागला होता. ओळ बरोबर होती. काकूने मान वळवून सुनेकडे बघितलं.

"पुढं?" ती म्हणाली.

वहिनीने पुढची म्हटली. काकूने तिसरी उचलली. मग दोघींनी मिळून हळद उतरेपर्यंत कुठे श्वासालाही जागा सोडली नाही. दादाचा फेटा सुटून खांद्यावर आला होता, त्याला पत्ता नव्हता. लग्न लागलं. अक्षता पडल्या, त्यातल्या मूठभर कीबोर्डात गेल्या; एक तांदूळ अजून 'क'च्या फटीत आहे.

कंप्युटरने टिपलेलं ते सगळं ऐकत ऐकत वहिनीने पुढच्या कित्येक दुपारी धवले पुन्हा टाइप केले. पुढे विनेशला जुना फॉन्ट मिळालाही. वहिनीने जुनी फाईल उघडून शेजारी नवी ठेवली. नवीत ओळी जास्त भरल्या. मांडव असला की काकूला जे आठवतं, ते पूर्वी घरी येईपर्यंत वहिनीच्या डोक्यातून थोडं थोडं सांडलेलं होतं.

परवा मी गेले तेव्हा मापगावहून एक बाई आमंत्रण घेऊन आल्या होत्या. वहिनी आत धवल्यांचे कागद छापत होती, प्रिंटर कुरकुरत होता.

"ठमीबाय, माघात लेकीचा लगीन हाय. धवलारीन पायजे."

काकूने पान तोंडात सारलं, पाय लांब केले आणि आतल्या खोलीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली,

"कोनती पायजे? माझे घरात दोन हायत. आन त्या कोपऱ्यातल्यालाबी आमंत्रन द्या. तो लग्नातला पाव्हना हाय आमचा."