दक्षिणेच्या भिंतीवरचा फेटेवाला

कॅनडातल्या ब्रॉसार्डच्या आमच्या घरात हॉलची एकच भिंत मोकळी होती, म्हणून शेजारच्यांच्या जुन्या सामानाच्या गराज सेलमधून आणलेलं चित्र मी तिथे टांगलं. तीन-चारशे वर्षांपूर्वी कुणा युरोपियन चित्रकाराने सरावासाठी केलेल्या तैलचित्राची ती नक्कल होती. काळोखातून पुढे आलेलं फेटेवाल्या माणसाचं नुसतं डोकं. भिंत दक्षिणेची आहे, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

पुण्याहून आलेल्या सासूबाईंच्या मात्र ते लगेच लक्षात आलं. दक्षिणेच्या भिंतीवर लावतात ते गेलेल्या माणसांचे फोटो. त्यांनी हात जोडले आणि विचारलं, "तुमचे आजोबा का हो?"

प्रवासाने शिणलेल्या बाईंशी कोण वाद घालणार! मी "हं" म्हणून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी चित्राला हार होता. पितृपक्षात त्याच्यापुढे खीर-वड्यांचं पान आलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "अहो, आजोबा नाहीत ते! भलताच कुणीतरी आहे!"

सासूबाई गोंधळल्या. "मग तुमचे आजोबा दिसायचे कसे?"

आजोबांचा फोटो कधी कुणी काढलाच नव्हता. आठवायला म्हणून मी डोळे मिटले, तर काळोखातून तेच डोकं पुढे आलं.