बेवारशी बाण

उत्तरपत्रिका हातात आली की दाणी उत्तराकडे बघतच नसे. आधी आकृती बघे. आकृतीतल्या एकेका बाणावर लाल पेन्सिल ठोकत विचारी, "ये तीर किसका है?"

"सर, फोर्स है."

"वो तो मुझे भी दिख रहा है. लगाया किसने? आसमान से टपका? लावारिस तीर है बेटा. आधा नंबर गया."

बल म्हटलं की ते लावणारा कुणीतरी असलाच पाहिजे, आणि बाणाच्या शेपटाशी त्याचं नाव लिहिलंच पाहिजे, असा त्याचा दंडक. पृथ्वी, दोरी, भिंत, बैल, कुणीही असो. नाव नसलेल्या बाणाला तो माझ्याशी मराठीत बोलताना 'बेवारशी बाण' म्हणे. जबलपूरला सदर भागातल्या एका शाळेत आम्ही दोघं भौतिकशास्त्र शिकवत होतो. वर्गात हिंदी, घरात मराठी आणि स्टाफरूममध्ये दोन्हींची खिचडी.

दुसऱ्याला तुच्छ लेखण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. उतारावरच्या ठोकळ्याचं गणित मी पोरांकडून घोकून घेत असे: उताराच्या दिशेने साइन, उताराला काटकोनात कॉस. दाणी मुद्दाम परीक्षेत कोन जमिनीपासून न देता उभ्या रेषेपासून देई. माझी सगळी पोरं उताणी पडत. मग चहाचा कप घेऊन तो माझ्या टेबलाशी येई. "मुळे, तू शिकवून नाही राहिला, मंत्र देऊन राहिला. मंत्र भुताला लागतो रे. बलाला कोन लागतो."

हे तो हेडमास्तरांसमोरही म्हणे. मी हसत असे. आतून जळत असे, कारण तो बरोबर होता आणि अकरावी-बारावीचे वर्ग त्याच्याकडे होते.

त्या वर्षी स्नेहसंमेलनाला शाळेच्या नावाची नवी पाटी करून आणली होती. लोखंडी अक्षरांची, दोन माणसांना उचलताना धाप लागेल इतकी जड. फाटकाच्या दोन खांबांमध्ये तार बांधून तिच्या मधोमध ती टांगायची होती. काम दाणीकडे आलं. त्याने तार बांधली आणि मधे चांगला हातभर झोळ ठेवला. हेडमास्तर पाहणीला आले ते तोंड वाकडं करूनच. "दाणी जी, ये क्या है? मेहमान आएँगे और हमारा नाम धोती की तरह लटकता रहेगा?"

"सर, धोती गाँठ से टिकती है. तार झुककर टिकता है."

मग त्याने भर रस्त्यात त्यांना वर्ग दिला. तारेतल्या ताणाचे दोन घटक असतात, एक उभा, एक आडवा. पाटीचं ओझं उचलतो तो फक्त उभा. आडवा नुसता दोन्ही खांबांना एकमेकांकडे ओढतो. तार जितकी सरळ कराल तितका उभ्याचा वाटा कमी होणार, आणि ओझं तर तेवढंच. म्हणजे तेवढ्याच ओझ्यासाठी ताण वाढत जाणार, आणि तो सगळा खांबांवर. "बिलकुल सीधा चाहिए तो सर, पाटी उतार लीजिए. अकेला तार सीधा रहेगा."

शिपाई हसला. हेडमास्तर हसले नाहीत. दाणी जेवायला घरी गेल्यावर ते मला म्हणाले, "मुळे जी, आप ज़रा देख लीजिए."

तारेच्या एका टोकाला ती ताणायचा पेच होता. मी फिरवला. पाटी वर सरकली. अजून फिरवला. मला भौतिकशास्त्र येत नव्हतं असं नाही. दाणीने सांगितलेलं अक्षर न् अक्षर मला कळलं होतं. पण तार सरळ होताना फार सुंदर दिसत होती, आणि हेडमास्तर मागून म्हणत होते, "वाह! ये हुई न बात!"

संध्याकाळी पाहुण्यांची गाडी फाटकाशी आली, बँड सुरू झाला, आणि डावीकडचा खांब मुळापासून कलला. पाटी बँडच्या मोठ्या ढोलावर पडली. ढोल फाटला. माणसं वाचली, शाळेची अब्रू गेली.

"किसने बाँधा था?" हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. माझ्याकडे न बघता विचारलं, एवढीच काय ती त्यांची शरम.

मी म्हणालो, "बाँधा तो दाणी जी ने ही था."

वाक्य अक्षरशः खरं होतं. असली खरी वाक्यं बोलणाऱ्यांची मला आज किळस येते. तेव्हा आली नाही. दाणी वाकून तो पेच बघत होता. रंग खरवडला जाऊन त्याचे आटे चकाकत होते. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या सत्रात त्याला सहावी-सातवी दिली, ती निवृत्तीपर्यंत. बारावी मला मिळाली. गावात त्याचं नाव पडलं 'ढीले सर': भौतिकशास्त्राचा मास्तर, ज्याला साधी तार घट्ट बांधता आली नाही.

निवृत्तीनंतर मी एकदा गढा भागातल्या त्याच्या घरी गेलो. म्हणालो, "दाणी, त्या पाटीचं..."

त्याने कागद-पेन्सिल पुढे सरकवली. "तोंडाने काहून? आकृती काढ."

मी काढली. पाटीचं वजन, दोन्हीकडचे ताण, त्यांचे घटक. सगळं बिनचूक.

"शाबास. आता नावं लिही. पाटीला खाली कोण ओढून राहिलं?"

"पृथ्वी."

"वर?"

"तार."

"खांबाला?"

"तारच."

"अन् तारेला?"

मी पेन्सिल खाली ठेवली. म्हणालो, "चहा निवतोय."

तो खो खो हसला. इतका तुच्छतेने भरलेला आणि तरी इतका मोकळा हसणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "बेवारशी! आधा नंबर गया, मुळे." आणि पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. "घे, लिंबू पिळून खा."

गेल्या महिन्यात दाणी गेला. शोकसभेत त्याचा एक जुना विद्यार्थी बोलला. विजय नगरात त्याचा कोचिंग क्लास आहे, दारावर स्वतःचा हसरा फोटो आहे. तो म्हणाला, "आज भी मैं बच्चों को ढीले सर वाला क़िस्सा सुनाता हूँ. तार ढीला बाँधोगे तो क्या होगा? धड़ाम!" शोकसभा हसली. पन्नास शिकले-सवरलेले लोक, त्यातले निम्मे इंजिनियर, आणि ढिली तार खांब कसा उपटेल हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. "मुळे सर तो वहीं थे, पूछ लीजिए," तो म्हणाला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी मान डोलावली. या वयात, त्याच्या हार घातलेल्या फोटोसमोर.

म्हणून हे लिहायला बसलो. दाणीने तार बरोबर बांधली होती. झोळ हवा तेवढाच होता. तारेला ओढणारा श्रीधर मुळे, बारावीचा मास्तर. वेळ संपल्यावर लिहिलेल्या उत्तराला दाणी मार्क देत नसे. याही उत्तराला देऊ नयेत. बाणाला नाव मात्र लागलं.